सूर भिंतीवर, वाद खोलीभर

सोन्याचा कस पाहायचा तर सोनाराकडे कसोटीचा दगड असतो. रेघ ओढली की वाद मिटतो. दुधात पाणी किती, हेही काचेची एक नळी बुडवून सांगता येते. परंतु ‘हा आवाज चांगला की वाईट’ असा प्रश्न निघाला की तिथे दगड चालत नाही आणि नळीही चालत नाही. मग एरवी मृदुभाषी असलेली, चांगली शिकलीसवरलेली माणसे हमरीतुमरीवर येतात. घरबसल्या उत्तम प्रतीचे संगीत ऐकण्याची ज्यांना हौस असते, ज्यांना हाय-फायचे शौकीन म्हणतात, त्या मंडळींच्या बैठकीत ‘बोस’ हे एक नाव उच्चारून पाहावे. निम्मी मंडळी कौतुकाने मान डोलावतील आणि उरलेली निम्मी कुत्सितपणे हसतील.

सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने बोस म्हणजे प्रतिष्ठेचे नाव. मोटारीत बोसचे स्पीकर असले की विक्रेता ते आवर्जून सांगतो. विमानतळावरच्या दुकानात बोसचे हेडफोन काचेच्या कपाटात मानाने मांडलेले असतात. उलट शौकिनांच्या एका गटात या कंपनीविषयी इंग्रजीतला एक यमकी टोमणा कित्येक वर्षे फिरतो आहे. त्याचा आशय असा, की ज्यात ना वरचे सूर ऐकू येतात ना खालचे, ते यंत्र बोसचेच असले पाहिजे! एकाच कंपनीविषयी, दोन कान आणि एक मेंदू एवढीच सामग्री असलेल्या माणसांची मते इतकी टोकाची का व्हावीत?

हा प्रश्न विज्ञान शाखेच्या मित्रांकडे ढकलून आपण मोकळे होऊ, असे कुणी म्हणेल. माझ्या मते तो आपल्या शाखेचा आहे. अभिरुची म्हणजे काय, अनुभव शब्दांत कसा पकडावा, टीकाकाराला किती मोकळीक असावी आणि मोठ्या नावाचे दडपण आपल्या मतावर किती असते, हे सारे प्रश्न या एका स्पीकरच्या पेटीत दडलेले आहेत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बोसविषयीचा वाद कुणाचे कान तिखट आणि कुणाचे बोथट यावरून होत नाही. वाद घालणारे दोन पक्ष दोन निराळे प्रश्न विचारत असतात आणि दोघेही उत्तरासाठी ‘चांगला’ हा एकच शब्द वापरतात. खरा घोटाळा तिथे आहे.

प्रथम थोडा इतिहास. ननीगोपाळ बोस हे बंगालमधले क्रांतिकारक. ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवून १९२० साली ते कलकत्त्याहून अमेरिकेत गेले. त्यांचे चिरंजीव अमर गोपाळ बोस यांचा जन्म १९२९ साली फिलाडेल्फिया शहरात झाला. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा या शाळकरी मुलाने रेडिओ दुरुस्तीचे काम करून घराला हातभार लावला. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे ज्या संस्थेला सर्वजण एम.आय.टी. म्हणतात, तिथे शिकून त्यांनी १९५६ साली डॉक्टरेट मिळवली. तिथेच ते प्राध्यापक झाले आणि २००१ सालापर्यंत शिकवत राहिले. मधे एक वर्ष शिष्यवृत्तीवर दिल्लीलाही येऊन गेले. २०१३ साली ते वारले.

आता आडनाव बोस असल्यामुळे आपल्याकडची पुष्कळ मंडळी या वादात आधीच एक बाजू घेऊन बसतात. ‘आपला माणूस’ म्हटला की त्याच्या स्पीकरचा आवाजही आपल्याला गोड लागतो. या अभिमानात वावगे काही नाही. पण अभिमान हा ऐकण्याचा पुरावा होऊ शकत नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

डॉक्टरेटचे काम संपत आले तेव्हा बोस यांनी स्वतःला बक्षीस म्हणून एक भारी संगीत-यंत्रणा विकत घेतली. कागदावरची तिची सगळी मापे उत्तम होती. लहानपणी व्हायोलिन शिकलेल्या या माणसाने ती घरी आणून लावली आणि त्यांची घोर निराशा झाली. सभागृहात ऐकलेले व्हायोलिन आणि या पेट्यांतून येणारे व्हायोलिन यांचे काही नातेच त्यांना लागेना. मापे चांगली असून आवाज चांगला का नाही, या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्याचे उत्तर शोधता शोधता १९६४ साली त्यांनी कंपनी काढली.

उत्तर त्यांना सापडले ते असे. सभागृहात आपण बसलेलो असतो तेव्हा वाद्याचा आवाज सरळ आपल्या कानांवर येतो तो थोडा. त्याच्या कितीतरी पट आवाज भिंती, छत आणि जमीन यांवर आपटून, चहूबाजूंनी येतो. ते घुमणे म्हणजेच सभागृहाचा अनुभव. घरातले स्पीकर मात्र सगळा आवाज नळीतून पाणी सोडल्यासारखा समोरच्या माणसाच्या तोंडावर सोडतात. तेव्हा स्पीकरचे तोंडच भिंतीकडे फिरवावे! १९६८ साली निघालेला बोस ९०१ हा स्पीकर याच विचारातून जन्मला. त्याच्या एका पेटीत साडेचार इंची नऊ छोटे स्पीकर होते. त्यांपैकी श्रोत्याकडे तोंड केलेला एकच. उरलेले आठ मागच्या भिंतीकडे पाहणारे. म्हणजे नऊपैकी आठ हिस्से आवाज भिंतीवरून परतून येणार आणि एक हिस्सा थेट. खालच्या सुरांसाठी मोठा आणि वरच्या सुरांसाठी बारीक, असे वेगवेगळे स्पीकर त्यात नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी सोबत एक विजेवर चालणारा वेगळा डबा येई आणि तो दोन्ही टोकांचे सूर उचलून धरी. हा स्पीकर थोड्याफार फेरफारांनिशी २०१६ सालापर्यंत बनत होता. अठ्ठेचाळीस वर्षे! ज्याला निम्मे जाणकार नावे ठेवतात तो माल अर्धशतकभर खपतो, हीच मोठी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

विरोधकांचा आक्षेपही तितकाच तर्कशुद्ध आहे. ते म्हणतात, सभागृहाचा घुमारा ध्वनिमुद्रणातच आलेला असतो. मायक्रोफोनने तो आधीच टिपलेला आहे. आता त्यावर आमच्या दिवाणखान्याच्या भिंतींचा आणखी एक घुमारा कशाला चढवता? ही म्हणजे वरणाला एकदा फोडणी घातलेली असताना पानात वाढल्यावर पुन्हा घालण्याची तऱ्हा झाली. शिवाय कोणते वाद्य कुठे आहे, हे आपल्याला कळते ते मुख्यतः कानावर सर्वांत आधी पोहोचणाऱ्या थेट आवाजावरून. तोच क्षीण केला आणि भिंतीवरचा आवाज प्रबळ केला, तर वाद्यांच्या जागा पुसट होणार, वाद्ये आहेत त्यापेक्षा रुंद वाटणार.

वाचकहो, इथे जरा थांबून पाहा. दोघेही ‘प्रामाणिक पुनर्निर्मिती’चीच भाषा बोलतात. हाय-फाय या शब्दाचा अर्थच मुळी ‘उच्च प्रतीची निष्ठा’ असा आहे. पण निष्ठा कुणाशी? एक पक्ष म्हणतो, ध्वनिमुद्रिकेशी. तिच्यात जे आहे तेवढेच द्या, पदरचे काही घालू नका. दुसरा म्हणतो, सभागृहातल्या अनुभवाशी. तो जिवंत होत असेल तर भिंतीची मदत घ्यायला काय हरकत आहे? भाषांतराच्या तासाला आपण हाच वाद घालतो. शब्दाशी इमान राखायचे की भावाशी? शब्दाशी इमान राखणाऱ्याला भावानुवाद म्हणजे स्वैराचार वाटतो आणि भावाशी इमान राखणाऱ्याला शब्दशः भाषांतर म्हणजे मढे वाटते. यांतला एक बहिरा आणि दुसरा जाणकार, असे आपण म्हणत नाही. मग स्पीकरच्या बाबतीत का म्हणावे?

घराण्यांच्या वादातही हेच दिसते. किराण्याचा श्रोता स्वर कसा लागला ते पाहतो, आग्ऱ्याचा श्रोता लयीशी चाललेला खेळ पाहतो, जयपूरचा श्रोता अनवट रागाची बांधणी पाहतो. एकाच मैफलीतून तिघे उठतात आणि तीन निरनिराळ्या मैफली ऐकल्यासारखे बोलतात.

मतभेदाचे दुसरे कारण अगदी साधे, विटामातीचे आहे. जो स्पीकर भिंतीच्या आधाराने बोलतो, त्याचा आवाज प्रत्येक घरात बदलणारच. मागे कोरी, सपाट भिंत असेल आणि पेटी तिच्यापासून योग्य अंतरावर असेल, तर एक परिणाम. मागे जाड पडदा असेल तर आठही स्पीकरांचा आवाज पडदाच पिऊन टाकील. आपल्याकडच्या घरात त्या भिंतीला एका बाजूला लोखंडी कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी असली, तर डाव्या पेटीचा आवाज एक आणि उजवीचा दुसरा! तेव्हा दोन माणसे ‘मी ९०१ ऐकला आहे’ असे सांगत भांडत असतील, तर त्यांनी एकच गोष्ट ऐकली आहे असे मानायचे कारण नाही. त्यांनी दोन भिंती ऐकलेल्या असतात.

तिसरे कारण, ऐकायचे काय. बोस यांच्या डोळ्यांपुढे, किंवा कानांपुढे म्हणा, पाश्चात्त्य वाद्यवृंद होता. शंभर वादक, प्रचंड सभागृह आणि त्यात मागेपुढे पसरलेला आवाज. अशा संगीताला भिंतभर पसरणे शोभून दिसते. आपली बैठक वेगळी. मोजके श्रोते, बेताची खोली, मध्यभागी एक गायक, मागे दोन तानपुरे. तिथे गळा एका ठिकाणाहून येतो आणि तो तिथूनच यावा, यात मैफलीचा जिव्हाळा आहे. तो गळा आठ फूट रुंद झाला तर भव्य वाटेल, पण समोर बसल्याची जवळीक जाईल. अर्थात तानपुऱ्याची आस खोलीभर पसरली तर ते कुणाला आवडेलही. म्हणजे एकाच स्पीकरविषयी एकाच माणसाचे मत सकाळी ख्याल ऐकताना एक आणि रात्री वाद्यवृंद ऐकताना दुसरे होऊ शकते. बॉस्टनच्या सभागृहावरून काढलेला नियम पुण्याच्या वाड्याला जसाच्या तसा लागू पडेल, असे कुणी समजू नये.

आता या वादातले सर्वांत रंजक प्रकरण. १९७० सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘कंझ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाने स्पीकरांच्या परीक्षणात ९०१ विषयी लिहिले. हे मासिक जाहिराती घेत नाही, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन. त्याने या स्पीकरचे काही गुण सांगितले. पण पुढे असेही लिहिले की यातून ऐकलेली वाद्ये अवाढव्य होतात आणि खोलीभर भटकतात. व्हायोलिन दहा फूट रुंद वाटते आणि पियानो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणला जातो. हा प्रकार इतका आगळा आहे की ग्राहकाने स्वतः ऐकून मगच ठरवावे, आणि नवलाई ओसरल्यावरही तो आवडेल अशी खात्री होईपर्यंत एवढे पैसे गुंतवू नयेत, असा सल्लाही दिला.

बोस कंपनी संतापली. तिने दुरुस्तीची मागणी केली, ती फेटाळली गेली आणि १९७१ साली कंपनीने मासिक चालवणाऱ्या संस्थेवर फिर्याद ठोकली. दहा वर्षांनी, १९८१ साली, खालच्या न्यायालयाचा निकाल लागला. सगळे प्रकरण येऊन ठेपले ते एका शब्दप्रयोगावर. न्यायालयाचे म्हणणे पडले की वाद्यांचा आवाज हलतो हे खरे; पण तो दोन पेट्यांच्या मधल्या भिंतीलगत हलतो, खोलीभर नाही. परीक्षण लिहिणाऱ्या अभियंत्याने साक्षीत सांगितले की ‘खोलीभर’ म्हणजे मला भिंतीलगतच म्हणायचे होते. न्यायाधीशांना ते पटले नाही. इतक्या हुशार माणसाला या दोन शब्दांतला फरक कळत नाही, हे त्यांच्या मते अशक्य होते. त्यांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि पुढे सुमारे एक लाख पंधरा हजार डॉलरची भरपाई ठरली. १९८२ साली वरच्या न्यायालयाने हा निकाल फिरवला. शेवटी ३० एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मासिकाच्या बाजूने निर्णय दिला. त्याचा आशय असा की, लेखकाने शब्द चुकीचा निवडला असेल, पण कानांनी टिपलेला असा संदिग्ध अनुभव सांगताना शब्द चुकणे म्हणजे जाणूनबुजून खोटे बोलणे नव्हे. खोटे आहे हे माहीत असून, किंवा खऱ्याखोट्याची पर्वाच न करता ते छापले, हे सिद्ध झाल्याखेरीज टीकाकाराला दोषी धरता येणार नाही. आणि तसे सिद्ध झाले आहे की नाही, हे वरच्या न्यायालयांनी स्वतः तपासून पाहिले पाहिजे.

‘भिंतीलगत’ की ‘खोलीभर’? चौदा वर्षे आणि तीन न्यायालये एवढ्यावर खर्च झाली! ज्यांना वाटते की मराठीचे प्राध्यापक उगाच शब्दांचा कीस काढतात, त्यांनी हा खटला जरूर अभ्यासावा.

गंमत बाजूला ठेवली तर यात एक गंभीर गोष्ट आहे. ऐकलेले सांगण्यासाठी आपल्याकडे स्वतःचे शब्दच थोडे. आपण ते इतर इंद्रियांकडून उसने आणतो. आवाज ‘गोड’ म्हणतो तेव्हा शब्द जिभेचा असतो, ‘मऊ’ म्हणतो तेव्हा त्वचेचा, ‘उजळ’ म्हणतो तेव्हा डोळ्यांचा आणि ‘भरदार’ म्हणतो तेव्हा बहुधा कुस्तीच्या आखाड्यातला! एकाचा ‘उजळ’ तो दुसऱ्याचा ‘कर्कश’ आणि एकाचा ‘मऊ’ तो दुसऱ्याचा ‘मेंगळट’. म्हणून शौकिनांचे निम्मे भांडण आवाजाचे नसतेच, उसन्या शब्दांचे असते. आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मला मोलाचा वाटतो. मोठ्या कंपनीच्या मालाला नावे ठेवताना प्रत्येक शब्दासाठी कोर्टाची पायरी चढावी लागणार असेल, तर स्पष्ट लिहिणार कोण? मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. कायद्याने माफ केले म्हणून लेखकाची जबाबदारी संपत नाही. ‘भिंतीलगत’ लिहायचे होते तर ‘भिंतीलगत’च लिहावे.

पुढे बोस कंपनीने आपला मोहरा शौकिनांकडून सर्वसामान्य घराकडे वळवला. १९८७ साली तळहातावर मावतील एवढ्या छोट्या पेट्या आणि खालच्या सुरांसाठी सोफ्यामागे लपवता येईल असा एक डबा, अशी यंत्रणा तिने आणली. १९९३ साली टेबलावर ठेवायचा रेडिओ आणला. शौकिनांच्या टीकेला इथे अधिकच धार चढली. एवढ्याशा पेट्यांत वरचे नाजूक सूर आणि मधले भरीव सूर दोन्ही कसे यावेत, आणि यायचे नसतील तर एवढी किंमत कशाची, असा त्यांचा सवाल. गृहिणीचा सवाल अगदी निराळा होता. खोलीच्या मधोमध दोन कपाटांएवढ्या काळ्या पेट्या ठेवून मी पाहुण्यांना बसवू कुठे? तिला बेतशीर आवाज आणि मोकळी जागा हवी होती, ती मिळाली. पुन्हा तेच. दोन प्रश्न आणि ‘चांगला’ हा एकच शब्द.

या वादात कंपनीचाही एक दोष मला दिसतो आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. आपल्या घरगुती स्पीकरांची सविस्तर मापे प्रसिद्ध करण्याची तिची सहसा रीत नाही. कागदावरची मापे फसवतात हा धडा संस्थापकाने १९५६ साली स्वतः पैसे मोजून घेतला होता, हे खरे. पण अपुरी मापे फसवतात यावर उपाय अधिक चांगली मापे देणे हा असतो. मापेच न देणे हा नसतो. प्रगतिपुस्तकावरून मुलाची खरी ओळख होत नाही म्हणून प्रगतिपुस्तकच लपवून ठेवणाऱ्या शाळेविषयी पालकांना काय वाटेल? जिथे माहिती नसते तिथे भक्ती वाढते आणि निंदाही वाढते. दोन्हींना खतपाणी एकच.

याच्या उलट उदाहरण याच कंपनीचे आहे. १९७८ साली झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत हेडफोनवरचे संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा डॉ. बोस यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. बाहेरच्या आवाजाच्या नेमका उलट आवाज तयार करून तो कानापाशीच मारायचा, ही ती कल्पना. १९८९ साली वैमानिकांसाठी आणि २००० साली सामान्य ग्राहकांसाठी तसे हेडफोन आले. या हेडफोनांच्या मूळ गुणाविषयी कट्टर टीकाकारही फारशी खळखळ करत नाहीत. का? कारण तिथे प्रश्न एकच आहे आणि तो सर्वांना मान्य आहे. घरघर किती कमी झाली? प्रश्नावर एकमत असले की उत्तरावर व्हायला वेळ लागत नाही.

उरले शेवटचे कारण, आणि ते सर्वांत मानवी आहे. ते म्हणजे नाव. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला. हरमन या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीतल्या चाळीस जणांना त्यांनी चार स्पीकर ऐकवले. एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून. डोळ्यांसमोर असताना मोठ्या, भारी स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त स्पीकरचे घटले. पडद्याआड हे अंतर कमी झाले. एवढेच नव्हे, तर स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारे फरक पडद्याआड जसे जाणवले, तसे तो दिसत असताना जाणवले नाहीत. म्हणजे डोळे उघडले की कान मिटू लागतात!

कुणी म्हणेल, हे तर बोसच्या भक्तांना लागू पडते. नावावर भुलतात ते तेच. मला वाटते, ते निंदकांनाही तितकेच लागू पडते. ज्याने तो यमकी टोमणा दहा वेळा ऐकला आहे, त्याच्या कानाला बोसच्या पेटीत वरचे सूर कसे सापडावेत? सामान्य लोकांना आवडते ते जाणकाराला आवडून चालत नाही, अशीही एक अहंता असते. लोकप्रिय कादंबरीकाराचे नाव निघाले की काही चेहऱ्यांवर जे हसू उमटते, तेच हे हसू. भारी किमतीला भुलणे आणि लोकप्रियतेला नाक मुरडणे, या दोन्हींत कानाचा उपयोग सारखाच कमी होतो.

या भावनांना पुन्हा उधाण आले ते २०२४ सालच्या नोव्हेंबरात. त्या महिन्यात बोस कंपनीने मॅकिंटॉश कंपनीसह तिचा सारा समूह विकत घेतला. मॅकिंटॉश म्हणजे १९४९ साली स्थापन झालेली, निळ्या प्रकाशाच्या काटेदार मापकांच्या भारी ॲम्प्लिफायरांसाठी शौकिनांनी डोक्यावर घेतलेली कंपनी. ज्या नावाला हसायचे त्याने ज्या नावापुढे हात जोडायचे ते विकत घेतले! एका नव्या यंत्राचाही आवाज ऐकण्यापूर्वी ‘आता सारे संपले’ अशी हळहळ कित्येकांनी व्यक्त केली. मालकाचे नाव बदलल्याने जुन्या ॲम्प्लिफायरची एक तारही बदललेली नव्हती.

तर मग करावे काय? वाद घालूच नये, ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून सोडून द्यावे, हा मार्ग मला मान्य नाही. तो सौजन्याचा दिसतो, पण मुळात आळसाचा आहे. सगळेच सारखे म्हटले की चांगले करणाऱ्याच्या कष्टांना किंमत राहत नाही. वाद जरूर घालावा. फक्त त्याआधी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, मी कोणता प्रश्न विचारतो आहे ते आधी सांगावे. ध्वनिमुद्रिकेशी इमान, सभागृहाचा भास, की दिवाणखान्याची सोय? दुसरे, कुठे, कोणत्या भिंतीपुढे आणि कोणते संगीत ऐकले तेही सांगावे, आणि शब्द तोलून वापरावा. तिसरे, निदान एकदा तरी नाव झाकून ऐकावे.

हे तिसरे पथ्य आपल्या घरचेच आहे. विद्यापीठ उत्तरपत्रिकेवर आपल्याला नाव लिहू देत नाही, आसन क्रमांक लिहायला लावते. परीक्षकाच्या नीतीवर अविश्वास म्हणून हा नियम केलेला नसतो. सज्जन माणसाचाही डोळा नावाकडे जातो, एवढे ओळखून केलेला तो नियम आहे. मग स्नेहसंमेलनातल्या गायन स्पर्धेत हा नियम का नसावा? पहिल्या फेरीपुरता परीक्षक आणि गायक यांच्यामध्ये एक साधा पडदा बांधावा. मागच्या वर्षीचा विजेता कोण, कुणाचे वडील गवई, कोण कुठल्या क्लासचा, हे काही परीक्षकांना कळणार नाही. त्यांना फक्त गळा ऐकू येईल. बॉस्टनच्या वाद्यवृंदाने १९५२ सालीच वादकांची निवड पडद्याआडून करायला सुरुवात केली होती. आपल्याला एक चादर आणि दोन खिळे पुरेत. भित्तिपत्रकाकडे येणाऱ्या कविताही संपादकांनी एकदा नावे झाकून वाचून पाहाव्यात. निकाल तोच लागला तर उत्तमच. विजेत्यांच्या यशावर कुणी बोट ठेवू शकणार नाही. निकाल बदलला, तर आजवर आपण काय ऐकत होतो आणि काय वाचत होतो, याचा विचार आपल्याला करावा लागेल.

प्राध्यापक मंडळींनी आणि सांस्कृतिक मंडळाने ही सूचना मनावर घ्यावी, अशी माझी विनंती आहे. पडद्याचा खर्च वर्गणी काढूनही भागेल.